साडेसात गुंठे

आमच्या तळ्याचा पाणपसारा उन्हाळ्याच्या तोंडाशी बारा एकरांच्या आसपास असतो, म्हणजे ४८० गुंठे. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला जमीन गुंठ्यांतच कळते. पाणीही मी त्याच मापाने मोजू लागले, ते तळ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या मामांमुळे. त्यांची सर्वांत लहान होडी अकरा फुटांची आहे. तीन होड्या लांब आणि तीन होड्या रुंद एवढी जागा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बरोबर एक गुंठा. गेली चार वर्षे दर गुरुवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी या हिशेबाने तळ्यावरचे केंदाळ मोजते आणि वहीत लिहून ठेवते. जलपर्णी हा शब्द वर्तमानपत्रांत आणि कार्यालयीन पत्रांत असतो. काठावर तिला केंदाळच म्हणतात, आणि त्या शब्दात जो वैताग आहे तो जलपर्णी या सोज्वळ नावात उतरत नाही.

मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. चक्रवाढ व्याज काय करू शकते हे कर्जदारांना समजावून सांगण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, पण तोच प्रकार रोजच्या फिरण्याच्या वाटेवर डोळ्यांसमोर चालू आहे हे मला फार उशिरा उमगले. अनुकूल उन्हाळ्यात आणि खतावलेल्या पाण्यात केंदाळ साधारण दोन आठवड्यांत आपले क्षेत्र दुप्पट करते. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात तळ्याच्या एका कोपऱ्यात साडेसात गुंठे केंदाळ असेल, तर पुढे पंधरा, तीस, साठ, एकशेवीस, दोनशेचाळीस आणि मेच्या अखेरीस चारशेऐंशी. साडेसात गुंठ्यांची ही साडेसाती अवघ्या बारा आठवड्यांची असते. हे गणित अर्थात कागदावरचे आहे; प्रत्यक्षात दाटी झाली की वाढ मंदावते आणि वारा सगळे एका बाजूला लोटतो. तरीही त्यातली एक गोष्ट पक्की आहे. अर्धे तळे झाकले जाते तेव्हा लोक अर्ज लिहितात, आणि त्या वेळी हातात उरलेली मुदत दोनच आठवड्यांची असते. मार्चमध्ये साडेसात गुंठ्यांसाठी कोणी अर्ज लिहीत नाही, कारण त्यावर जांभळी फुले आलेली असतात आणि लोक त्यांचे फोटो काढत असतात.

फोटो काढणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, कारण माझा स्वतःचा इतिहास त्याहून वाईट आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून केंदाळाची दोन रोपे विकत आणून अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडली होती. फुगीर देठांची, तकतकीत पानांची ती रोपे आणि सहा पाकळ्यांचे फिकट जांभळे फूल, त्यातल्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका! पावसाळा संपेपर्यंत हौद इतका भरला की मुलाला बोट बुडवायलाही पाणी दिसेना. जास्तीची रोपे मी बागकाम करणाऱ्या माणसाकरवी मागच्या ओढ्यात टाकून दिली. तो ओढा पुढे तळ्याला मिळतो. माझ्या हौदातले केंदाळ तळ्यापर्यंत पोचले की वाटेतच वाळले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही, पण वहीत जमेची पहिली ओळ लिहायची झाली तर ती माझ्याच नावावर पडते.

या वनस्पतीचा प्रवास सगळीकडे असाच, फुलाच्या मोहातून झालेला आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेचे झाड म्हणून बंगालमध्ये आली आणि चार-पाच दशकांत तिने तिथल्या नद्या, खाड्या आणि भातखाचरे अशी व्यापली की १९३६ साली खास तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात तर तिच्या बंदोबस्तासाठी आफ्रिकेतून पाणघोडे आणून सोडावेत, म्हणजे केंदाळही संपेल आणि लोकांना मांसही मिळेल, असे विधेयक १९१० मध्ये अमेरिकेच्या संसदेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही. आमच्या तळ्यासाठी आलेल्या काही सूचना ऐकल्यावर मला हे विधेयक तितकेसे हास्यास्पद वाटेनासे झाले आहे.

आमच्याकडे केंदाळ पूर्वीही होते, पण काठाकाठाने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि ओढ्याला उलटा फुगवटा येऊन नदीतले केंदाळ थेट तळ्यात शिरले. पूर ओसरला तेव्हा लोकांच्या घरांत चिखल होता. तळ्याकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता, आणि असण्याची अपेक्षाही नव्हती. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामांच्या चार वल्ह्यांच्या होड्या आणि हंसाच्या आकाराच्या सहा पायडल-बोटी धक्क्याला बांधूनच राहिल्या. रविवारी बंधाऱ्यावरून उड्या मारून पोहणारी मुले बंद झाली. झाकलेल्या पाण्यात उजेड जात नाही आणि हवेतला प्राणवायूही नीट विरघळत नाही; त्यामुळे सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसायचे. डासांचे तर विचारूच नये. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वासासाठी पाण्यावर येतही नाहीत. त्या अशा वनस्पतींच्या मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेतात. बाकीचे तपशील मी सांगत नाही. ज्या गावाला तळे आहे त्या गावाला ते माहीत आहेत.

मग यंत्रे आली. मेच्या मध्याला दोन पोकलेन काठावर उभे राहिले, आणि त्या दहा दिवसांत तळ्यावर जत्रेसारखी गर्दी असे. मीही ऑफिसला उशिरा जाण्याचा गुन्हा दोनदा केला. तो लांब लोखंडी हात पाण्यात जाऊन केंदाळाचा काळ्या मुळ्यांसकट ओघळणारा लोंबता भारा वर काढतो तेव्हा पाहणाऱ्याला एक प्रकारचे समाधान मिळते, हे कबूल केले पाहिजे. आमच्या भागात एकरी शंभर टन ऊस काढणाऱ्याचा सत्कार होतो. दाट वाढलेले केंदाळ पाणी, खत, भांगलण यांपैकी काहीही न मागता एकरी शंभर टनांच्या पुढे जाऊ शकते. फरक एवढाच की त्यातले सुमारे ९५ टक्के वजन पाण्याचे असते. म्हणजे बाराशे टन उपसले तर त्यातले अकराशेचाळीस टन आपण पाणीच उचललेले असते, डिझेल जाळून.

दहाव्या दिवशी तळे जलपर्णीमुक्त झाल्याचा फलक लागला. उपसलेल्या केंदाळाचे ढीग मात्र काठावरच राहिले, कारण वाहतुकीचा खर्च वेगळ्या मंजुरीचा होता. मामांनी ढिगातले एक रोप उचलून मला दाखवले. त्याच्या बुडातून वीतभर लांबीचा आडवा धुमारा निघाला होता आणि त्याच्या टोकाला दुसरे पिल्लू लगडले होते. ‘‘ताई, ह्ये पाण्यातली हरळी हाय. एक पेर ऱ्हायलं की पुन्ना रान भरतंय. आणि ह्यांनी तर हरळी काढून बांधावरच ठिवलीया.’’ जूनमध्ये पहिला वळीव जोरात झाला आणि ढिगांचा उतारावरचा भाग पुन्हा पाण्यात उतरला. उरलेले तिथेच कुजले, आणि कुजल्यावर त्यातला नत्र आणि स्फुरद पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यातच गेला. माझ्या भाषेत सांगायचे तर खात्यातून रक्कम काढली आणि त्याच खात्यात पुन्हा भरली, मधला कमिशनचा खर्च तेवढा वाढला. दिवाळीत तळे पुन्हा हिरवे होते. फलक तसाच होता.

त्या हिवाळ्यात औषध फवारण्याची सूचना आली आणि ती बरेच दिवस सर्वांना पटलेलीही होती. टू-फोर-डी हे तणनाशक आमच्याकडे उसात रुंद पानांच्या तणासाठी सर्रास वापरतात, केंदाळ त्याने मरते, आणि ते स्वस्त आहे. बैठकीत एक द्राक्षबागायतदार शांतपणे उठले. तळ्याच्या पूर्वेला त्यांची बाग आहे. त्यांनी जुन्या वहीत दाबून ठेवलेले एक द्राक्षाचे पान सर्वांना फिरवले. ते पंख्यासारखे आकसलेले होते, शिरा एकमेकींजवळ आलेल्या, कडा दातेरी. शेजारच्या उसातल्या फवाऱ्याचा वारा एकदाच त्यांच्या बागेवर आला होता, त्या वर्षीची ती आठवण होती. द्राक्षवेल या औषधाला अतिशय हळवी असते, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मे महिन्यात नेमकी कोवळी फूट वाढत असते. ‘‘तळं तुमचं साफ होईल, मला मान्य आहे. पण वारा पश्चिमेचा आहे,’’ एवढेच ते म्हणाले. शिवाय फवारून मेलेले केंदाळ कुठे जात नाही. ते बुडते, कुजते आणि कुजताना पाण्यात उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. मासेमारीचा ठेका असलेल्यांनी हा मुद्दा काढला आणि विषय बारगळला. मला त्या बैठकीत बोलायला काही सुचले नव्हते, पण पश्चिमेच्या वाऱ्याचे वाक्य मात्र डोक्यात राहिले.

कारण तोच वारा मामा रोज वापरत होते. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की सुटे केंदाळ आपोआप पूर्वेच्या काठाला जाऊन गोळा होते. संध्याकाळी ते दाताळ्याने ओढून घेतले की होडी घेऊन पाणीभर हिंडावे लागत नाही. मामा, त्यांचा पुतण्या आणि सकाळी फिरायला येणारे आम्ही पाच-सहा जण असे मार्चमध्ये कामाला लागलो. बांबू आणि काथ्याचा दोर बांधून तरंगता अडसर केला, म्हणजे एकदा गोळा झालेले रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा पसरू नये. नियम मामांचे होते. कापायचे नाही, मुळासकट उपटायचे. पायडल-बोट केंदाळात न्यायची नाही, कारण तिची पाती धुमारे तोडतात आणि प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. काढलेले बुट्टीतून थेट ट्रॉलीत टाकायचे आणि तळ्याच्या उताराबाहेरच्या शेतात नेऊन वाळवायचे. तिथे एक शेतकरी ते शेणाबरोबर कुजवून खत करतात. फुलांवर आलेला माल मात्र ते घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे. फूल एक-दोन दिवसांत कोमेजते, मग दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाच्या गाळात पडते. ते बी पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. गाळातल्या त्या ठेवींची मुदत माझ्या निवृत्तीच्या पुष्कळ पुढची आहे.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही साडेसात गुंठ्यांवरून दोन गुंठ्यांवर आलो आणि मला शून्याचा मोह सुटला. हिशेबाची माणसे शून्यावर फार भाळतात. मी शेवटचे रोप शोधत काठाने हिंडू लागले, आणि त्या शोधात पानांकडे पहिल्यांदा जवळून पाहिले. काही पानांवर तिळाएवढे फिकट ओरखडे होते, जणू कोणी पानाची वरची साल नखाने खरवडली असावी. पुस्तके पाहिल्यावर कळले की हे निओचेटिना नावाच्या सोंडकिड्याचे काम आहे. जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा हा किडा केंदाळाच्याच मूळ देशातला. तो दिवसा पानांच्या बेचक्यांत लपतो आणि रात्री पाने खरवडतो. त्याच्या अळ्या देठ आतून पोखरत गाभ्यापर्यंत जातात. १९८२ च्या सुमारास तो अमेरिकेतल्या फ्लोरिडातून बंगळूरला आणला गेला, तिथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तो दुसऱ्या पिकांना खात नाही याची खात्री करून तळ्यांवर सोडला, आणि काही तळी त्याने काही वर्षांत मोकळी केली. तिथून तो देशभर पसरला. आमच्या तळ्यावर त्याला कोणी बोलावले नव्हते. बहुधा पुराबरोबर केंदाळावर बसूनच तोही आला असावा.

इथे माझा हिशेब अडला. आम्ही उपटलेल्या प्रत्येक बुट्टीबरोबर हे किडेही बाहेर जात होते. न उपटावे तर किड्याला प्रभाव दाखवायला तीन ते पाच वर्षे लागतात, आणि पाणी सांडपाण्याने खतावलेले असेल तर तो खाईल त्याहून वेगाने नवी पाने येतात. आमचे पाणी खतावलेलेच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत झालेल्या वसाहतींचा नाला तळ्याच्या वायव्य कोपऱ्यात उघडा पडतो, आणि वहीत केंदाळाची सर्वांत जलद वाढ त्याच तोंडाशी नोंदलेली आहे. नाला वळवण्याचे अंदाजपत्रक तयार आहे असे मला तीन वर्षांत तीन निरनिराळ्या माणसांनी सांगितले. तिघेही सभ्य होते.

त्याच सप्टेंबरात आम्ही काही जण साताऱ्याला, कासच्या पठारावर गेलो. सगळे जण फुलांचे गालिचे पाहत होते. मी कुमुदिनीच्या तळ्याशी रेंगाळले. कुमुदिनीही पाण्यावर पाने पसरून राहणारीच वनस्पती. तिचीही पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची फुले दाटीने आलेली होती, आणि तरीही ती केंदाळ झालेली नाही. तिची मुळे गाळात रोवलेली असतात, जांभ्याच्या पठारावरचे पावसाचे पाणी खताच्या दृष्टीने गरीब असते, आणि तिला खाणारे, तिच्याशी भांडणारे जीव शेकडो पिढ्यांपासून शेजारी आहेत. केंदाळाला आमच्याकडे यांतले काहीच आड येत नाही. परत येताना गाडीत मी शून्याचा नाद सोडला. नदी जवळ आहे, पूर पुन्हा येणार, नाला वाहतो आहे, गाळात बी आहे. अशा तळ्याला ‘मुक्त’ म्हणणे म्हणजे चालू कर्जावर निरंक दाखला देण्यासारखे आहे.

मी मामांपुढे किमान शिल्लक ठेवण्याची कल्पना मांडली. नाल्याच्या तोंडाशी अडसराच्या आत केंदाळ एका गुंठ्याइतकेच ठेवायचे, म्हणजे सोंडकिड्यांना घर राहील. तिथला नत्र आणि स्फुरद केंदाळच शोषून घेईल. आणि ते ठरावीक काळाने काढून बाहेर नेले की तेवढे खत तळ्यातून खरोखर वजा होईल. मामांना हे अजिबात पटले नाही. ‘‘साप पाळायचा आणि वर दूध पाजायचं,’’ असे म्हणून ते दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांची शंका रास्त होती, कारण एका पावसाळी रात्री अडसर सुटला असता तर सगळा गुंठा तळ्यावर गेला असता. शेवटी पुतण्याने तोडगा काढला. गुंठा नाही, अर्धा गुंठा, दोर दुहेरी, फुलाचा दांडा दिसला की त्याच दिवशी खुडायचा, आणि जूनच्या आधी तो अर्धा गुंठाही निम्मा करायचा. जून ते सप्टेंबर मात्र काठच्या गवताला आणि उरलेल्या केंदाळाला हात लावायचा नाही, कारण तेव्हा जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी तिथे घरटी करतात. हा शेवटचा भाग माझ्या हट्टाचा. पाणकोंबडी केंदाळाचे देठ सोलून खाते, एवढा तिचा आमच्या कामात वाटा आहेच.

वहीत आता तीन रकाने आहेत: शिल्लक, काढलेले, आणि कुठे गेले. तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी तो कोणी विचारत नाही. या वर्षी मार्चच्या पहिल्या गुरुवारी अर्ध्या गुंठ्याच्या अडसराबाहेर पावणेदोन गुंठे केंदाळ होते, एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सव्वादोन. म्हणजे आम्ही फक्त व्याज फेडत आहोत, मुद्दल तसेच आहे, आणि नाला आहे तोवर तसेच राहील. पण होड्या चालू आहेत. रविवारी बंधाऱ्यावरून उड्या मारणारी मुले परत आली आहेत, आणि त्यांचे कान फुटतील एवढ्या जोरात त्यांना ओरडणारे मामाही.

गेल्या गुरुवारी मी मोजणी आटोपून धक्क्यावर उतरत होते, तेव्हा सात-आठ वर्षांची एक मुलगी बुट्टीशी उकिडवी बसलेली दिसली. सकाळी खुडायला उशीर झालेला एक दांडा त्यात होता, टवटवीत, सगळी फुले उमललेली. ‘‘आजोबा, हे झाड मला द्या ना. घरी बादलीत लावते,’’ ती मामांना म्हणाली. मामांनी माझ्याकडे पाहिले. हौदाची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितलेली आहे. त्यांनी दांडा बुडापासून मोडला, मुळे आणि पाने बुट्टीत परत टाकली आणि फूल तिच्या हातात ठेवले. ‘‘फूल घिऊन जा, बाळा. मूळ न्हाई द्यायचं.’’

मी वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले: एक दांडा, बिनमुळाचा, एका मुलीबरोबर.